कपाळावरची तीन बोटं

९ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवरच सांगणार होते, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. म्हणून हा कागद. याला तुला मध्येच तोडता येणार नाही.

येत्या शनिवारी मी केस कापते आहे. थोडे नाही, पार बारीक. आईला सांगितलेलं नाही, सांगितलं तर ती दारात आडवी पडेल. तुला माहीतच आहे माझं: सकाळभर तलावात पोरांना पोहायला शिकवायचं, क्लोरीनने काथ्या झालेले केस धुवायचे, आणि मग स्ट्रेटनरने ओढून ओढून सरळ करायचे. कॉलेजपासून हेच चाललं आहे. परवा आरशासमोर कपाळावरची बट हातात धरली तर ती अर्ध्यातून तुटून चिमटीतच राहिली. जळक्या लोकरीसारखा वास येत होता. इतकं करूनही बाहेर जरा दमट हवा असली की सगळं पुन्हा फुगतं आणि मी पुन्हा तुझी झिपरी ती झिपरीच.

मला कंटाळा आला आहे या केसांचा. लहानपणापासून प्रत्येक फोटोत मी मागच्या रांगेत उभी आहे ते यांच्यापायी. तू नाटकासाठी टोप करतेस, तर कापलेले केस तुझ्या कामाला येतील का ते कळव. नाहीतर केराच्या डब्यात जातील, मला काही वाटणार नाही.

तू स्वतः घालतेस त्या बुधवारच्या टोपाला माझा नमस्कार सांग. तुझा लोभ माझ्या केसांहून बरा आहे, तो तुटू देऊ नकोस.

तुझी,
झिपरी


१४ जानेवारी

चि. झिपरीस,
अ. उ. आ.

शनिवार रद्द. कात्री लावलीस तर माझ्याशी गाठ आहे.

आज आहेत तसे तुझे केस मला कवडीच्या कामाचे नाहीत. जळका केस आकडीने टोपाच्या जाळीत ओवायला गेलं की गाठ बसायच्या आतच तुटतो. पण पुढच्या वर्षी आमच्याकडे नवं नाटक येतं आहे आणि त्यात राणी आहे. ते उभं राहिलं की मी निवृत्त. माझ्यामागे टोपांची खोली बंद होणार आणि कारखान्यातले टोप खोक्यांतून येणार, असं वरच्या मंडळींनी ठरवलं आहे. ठरवू देत. पण माझा शेवटचा टोप असा होईल की पहिल्या रांगेतल्या माणसालाही तो टोप वाटणार नाही. मागचा भाग कसल्याही केसांचा चालतो. कपाळावरची तीन बोटं जागा मात्र, जिथे दिवा थेट पडतो, तिथे एकाच डोक्याचे आणि जन्माचे कुरळे केस लागतात. काठीवर गुंडाळून केलेली कुरळं दुसऱ्या अंकापर्यंत घामाने उलगडतात आणि राणीची मोलकरीण होते. जन्माचा पीळ उलगडत नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते कोणीतरी तुझ्या डोक्याकडे बघूनच म्हटलं असणार.

तेव्हा सौदा असा. तुला केस नको आहेत, मला हवे आहेत. पुढच्या मार्चपर्यंत नीट सांभाळ, मग मानेपाशी वेणी काप आणि मला पाठव. मी दिग्दर्शकाला आजच सांगून टाकलं आहे की राणीची काळजी सोड, केस घरचे आहेत.

आता पुढचं आरशाला चिकटव. स्ट्रेटनर बंद. जळकी टोकं आत्ताच छाट. कोरड्या केसांत कंगवा घालायचा नाही. केस ओले असताना घालायचा, तोही मोठ्या दातांचा आणि खालून वर. आधी टोकांचा गुंता, मग मधला, मग वरचा. वरून ओढलंस की सगळे गुंते खाली जाऊन एकत्र संसार मांडतात. तलावात उतरण्याआधी साध्या पाण्याने केस भिजव, तेलाचा हात फिरव, वर टोपी. पोट भरलेला माणूस दुसऱ्याच्या ताटात हात घालत नाही, तसा भिजलेला केस क्लोरीनचं पाणी पीत नाही. टॉवेलने घासू नकोस, जुन्या सुती शर्टात दाबून टिप. उशीला गुळगुळीत अभ्रा घाल. धुणं महिन्यातून एकदाच: बादलीत स्थिर पाणी घ्यायचं, त्यात केस बुडवायचे, मुळांना हात लावायचा नाही. मी माझे टोप असेच धुते आणि त्यातले काही तुझ्याहून वयाने मोठे आहेत.

एक दिवस जीव ओतायचा आणि मग आठवडाभर विसरायचं, हे तुझं नेहमीचं. तसं नको. थोडं कर, पण रोज कर. लोभ आहेच, तो धुवायला स्थिर पाणी लागत नाही.

तुझी,
आत्या


२ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा कागद आरशाला चिकटवला आहे. आता तिथे मला माझं तोंड दिसत नाही, तुझं अक्षर दिसतं.

सगळं शब्दशः चालू आहे. स्ट्रेटनर बाबांनी घेतला. ते त्याने शर्टाची कॉलर कडक करतात आणि एवढ्या वर्षांत घरात पहिल्यांदा या वस्तूचा उपयोग झाला असं सगळ्यांना सांगतात. केस वरून कुरळे, खालून सरळ असे झाले आहेत, जणू दोन बायकांचे केस एका डोक्यावर बसवले. आमच्या तलावावरचा जीवरक्षक, ज्याला आम्ही शिट्टी म्हणतो, त्याने काळजीने विचारलं की विजेच्या तारेला हात लागला का. मी त्याला सांगितलं की हे केस माझे नाहीतच, एका राणीचे आहेत, मी फक्त राखणदार. तेव्हापासून तो मला राखणदार म्हणतो. झिपरीपेक्षा बरं.

खरं सांगू, माझं नाही म्हटल्यावर करायला सोपं जातं. स्वतःच्या केसांसाठी मी एवढा खटाटोप केला नसता. तुझी वेणी आहे म्हणून रोज सांभाळते. टाळू मात्र जरा खाजते आहे. सवय होईपर्यंत असेल.

लोभ असावा, आणि थोडी सहानुभूतीही.

तुझी,
राखणदार


२० मार्च

ती. वन्संना,
शि. सा. न.

रागावून लिहिते आहे आणि राग पोचावा म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे.

तुमच्या भाचीच्या डोक्यात खपल्याच खपल्या झाल्या आहेत. काळा शर्ट घालायची सोय उरलेली नाही. रोज तलावात डुंबते, रोज तेल चोपडते आणि मुळांना हात लावत नाही, का तर आत्याचा हुकूम! शेवटी ओढत त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. आमच्या बाईसाहेबांनी तुमचा कागद सोबत घेतला होता, मोठ्या अभिमानाने. डॉक्टरीणबाईंनी आधी डोकं पाहिलं, मग कागद वाचला आणि त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या की केसांचं सगळं बरोबर लिहिलं आहे, पण ज्याच्याखाली माणूस आहे असा केस या बाईंनी कधी धुतलेला दिसत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, टाळूच आजारी तर केस कसा धड वाढेल, हे एवढं तुम्हाला कसं कळलं नाही?

तुम्ही उंटावरून शेळ्या हाकता, पण शेळी माझी आहे, हे लक्षात असू द्या. औषध दिलं आहे, बरं वाटेल. राग संपला. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? आलात की जिना चढायला लागणार नाही अशी खोली केली आहे, तेव्हा या. लोभ होताच, रागाने कमी झालेला नाही.

आपली,
वहिनी


२८ मार्च

चि. झिपरीस,
अ. उ. आ.

तुझ्या आईचं पत्र मिळालं. अक्षर शेजारणीलाही लांबून वाचता आलं.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं मी दोन दिवस मनातल्या मनात खोडून काढत होते. मग हातातल्या लाकडी डोक्याकडे पाहिलं आणि हार मानली. उभा जन्म मी लाकडी डोक्यांवर काम केलं. लाकडी डोक्याला घाम येत नाही, कोंडा होत नाही आणि ते उठून आईला सांगायला जात नाही. केस मला कळतो, डोकं कळत नाही. माझा कागद फाडू नकोस. फक्त धुण्याचं खोड आणि त्याजागी बाईंचं लिही. आणि ते मलाही पाठव.

मला कशाला? अगं, माझ्या टोपाखालीही एक खरं डोकं आहे, हे मी विसरूनच गेले होते. नवी जाळी स्वतःवर घालून बघायला सोपं जावं म्हणून तरुणपणी केस बारीक केले, ते अजून दर महिन्याला तसेच उतरवते आणि वर टोप चढवते. तुम्हाला फक्त बुधवारचा टोप आणि लग्नातला टोप ठाऊक. खालची जागा बंद माळ्यासारखी पडून आहे. म्हटलं, पोरीवर पुढचा प्रयोग करण्याआधी तो या वेळी आपल्यावर करून बघू.

सौदा कायम. टाळू बरी झाली की लगेच कळव. मी फार काळजीत आहे आणि तसं तोंडाने म्हणणार नाही, म्हणून लिहिते आहे. आशीर्वाद आहेतच, त्यांना कोंडा होत नाही.

तुझी,
आत्या


१५ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कळवायला फार उशीर झाला, कारण कळवण्यासारखं काही घडतच नव्हतं. सगळं सुरळीत होतं. डॉक्टरीणबाई म्हणतात तसं टाळू बोटांच्या पेरांनी धुते, नखांनी नाही. मऊ करणारं मलम आणि तेल फक्त लांबीला. बाकी सगळं तुझं. पूर्वी मला त्याची आठवण ठेवावी लागायची. आता दात घासल्यासारखं होतं, हात आपोआप जातो.

आत्या, तू एकदा येऊन बघ. शेवटची सरळ टोकं गेल्या महिन्यात छाटली आणि आता सगळेच्या सगळे एका जातीचे आहेत. बोट घालून सोडलं की बट पुन्हा आपल्या जागी जाऊन बसते. कपाळावर जिथे तुटले होते तिथे बारीक बारीक नवे आले आहेत, तेही वळलेलेच. पोरांच्या आया विचारतात की कुठे करून घेतले. मी म्हणते, आत्याकडून. शिट्टीने परवा पाण्यात पडलेली माझी रबरी टोपी आणून दिली आणि वर सांगितलं की राणीला सांग, राखणदार कामाचा आहे.

आणि हो, तलावाच्या वार्षिक फोटोत मी पहिल्या रांगेत बसले आहे. प्रत सोबत जोडते. माझी वेणी उजव्या खांद्यावर आहे बघ. म्हणजे तुझी.

तुझ्या माळ्याचं काय झालं? त्याबद्दल चकार शब्द लिहीत नाहीस. लोभ असावा आणि तो लपवून ठेवू नये.

तुझी,
झिपरी


२० फेब्रुवारी

चि. झिपरीस,
अ. उ. आ.

वेळ आली. जाळी शिवून लाकडी डोक्यावर ताणून ठेवली आहे, मागची बाजू भरून झाली. पुढची तीन बोटं रिकामी आहेत आणि तुझी वाट बघत आहेत. तुझा फोटो दिग्दर्शकाला दाखवला. तो म्हणाला की असे केस त्याने कुठल्याच टोपात पाहिलेले नाहीत. मी म्हटलं, अजून पाहिलेले नाहीत.

कापण्याची रीत नीट वाच. केस धुऊन पूर्ण वाळू दे. मानेपाशी जाड दोऱ्याने घट्ट बांध, मग वेणी घाल, खालीही बांध. दोऱ्याच्या वर काप, खाली नाही. मुळाकडच्या टोकाला लाल दोरा हवा. एकदा मुळं आणि टोकं एकमेकांत मिसळली की त्या केसांचा गुंता देवालाही सुटत नाही. मलमलीत गुंडाळ आणि खोक्यात घाल.

माझा माळा झाडून घेतला आहे, एवढंच सांगते. पोस्टाकडे डोळे लावून बसले आहे. आशीर्वाद पुरून उरतील इतके.

तुझी,
आत्या


८ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

वेणी पाठवत नाही.

काल सगळं तुझ्या रीतीने केलं. धुतले, वाळवले, लाल दोरा बांधला. आई कात्री घेऊन मागे उभी होती. मी म्हटलं, थांब. ती थांबली आणि नंतर म्हणाली की तिला हायसं वाटलं. दोरा सोडवून टाकला.

मी खोटं लिहू शकले असते, की क्लोरीनने खराब झाले किंवा आजारपणात गळले. पण तू शेवटचा टोप या केसांवर टाकून बसली आहेस हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तुला खरंच सांगायला हवं. मी दिलेला शब्द मोडते आहे. मला त्याचं वाईट वाटतं आहे आणि तरीही मी केस देणार नाही. सौदा केला तेव्हा ते माझे नव्हते, मला नकोच होते. रोज हात लावता लावता ते माझे झाले. कधी झाले ते मलाही कळलं नाही, आणि तूच म्हणाली होतीस की थोडं कर, पण रोज कर. आता त्याचं फळ माझ्या डोक्यावर आहे आणि ते तिथेच राहील.

रागाव. पण फार दिवस नको. तुझा लोभ मला केसांइतकाच हवा आहे.

तुझी,
भाची


१३ मार्च

चि. भाचीस,

पत्र पोचलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते काय, हे या वयात आणि या धंद्यात कळलं. दिग्दर्शकाला काय सांगायचं ते माझं मी बघेन.

आत्या


२५ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला सुरुवातीचे आशीर्वाद नव्हते आणि शेवटचा लोभही नव्हता. आईने ते पत्र उलटून मागेही पाहिलं, चुकून तिकडे लिहिले असतील म्हणून.

माझा विचार बदललेला नाही. बदलेल अशी वाट बघत असलीस तर सोड. पण नाटक सुरू झालं, राणीला टोप मिळाला, असं वर्तमानपत्रात वाचलं आणि जीव भांड्यात पडला. सोबत एक कंगवा पाठवते, मोठ्या दातांचा, लाकडी. माझ्याकडे आहे तसाच. तू माळ्याबद्दल काही सांगत नाहीस, पण झाडून घेतला आहे म्हणालीस, म्हणजे तिथे काहीतरी असणार. ओल्या केसांत घाल, खालून वर.

बोलली नाहीस तरी मी लिहीत राहीन. थोडं, पण रोज.

तुझी,
झिपरी


१४ जून

चि. झिपरीस,
अनेकोत्तम आशीर्वाद. मागच्या पत्रात राहिले होते तेही यात धर.

कंगवा मिळाला. पहिले काही दिवस तो मी खिडकीत उलटा ठेवला होता, रागाने. कंगव्याला काही फरक पडला नाही.

राणीचा टोप विकतच्या केसांचा झाला. कुरळं काठीवर केली. दुसऱ्या अंकात ती उलगडतात म्हणून मी प्रत्येक प्रयोगाला पडद्याआड गरम काठी घेऊन उभी राहायचे आणि अंक संपला की राणीला धरून पुन्हा वळवायचे. एकाही प्रेक्षकाच्या लक्षात आलं नाही. माझ्या मात्र रोज यायचं. तुझ्यावर चिडत चिडत वळवायचे. तुझा फोटो आरशाला लावलेला होता, तो काढून टाकावा असं रोज वाटायचं. पण पहिल्या रांगेत बसलेली ती पोरगी इतकी ताठ बसली आहे की तिला उठवायचा धीर झाला नाही. मग एकदा विचार केला, हीच वेणी मी जाळीत ओवली असती, तर हा फोटो मला बघवला असता का? नसता बघवला.

आता कालचं सांगते. काल माझा निरोप समारंभ झाला. सगळं नाटकघर जमलं होतं. मी लग्नातला टोप घालायचा ठरवला होता आणि त्यासाठी बुधवारचा काढला. आरशात पाहिलं. वर्षभर तुझ्या डॉक्टरीणबाईंच्या रीतीने धुते आहे, माझ्याच कागदाप्रमाणे सांभाळते आहे, दर महिन्याची कात्री बंद केली आहे, पण ते केस टोपाखालीच दडलेले होते, कोणाला दाखवायचं धाडस नव्हतं. पांढरेशुभ्र आहेत गं. कानाच्या खाली आले आहेत. आणि तुझेच आहेत, तोच पीळ, आपल्या घराण्याचा. मी तो इतकी वर्षं महिन्याच्या महिन्याला कापून टाकत होते. तुझा कंगवा फिरवला, खालून वर, आणि लग्नातला टोप खोक्यात ठेवून तशीच गेले.

मी दारातून आत गेले आणि सगळे वळून बघायला लागले. राणी धावत आली आणि म्हणाली की सगळ्यात चांगला टोप मी स्वतःसाठी लपवून ठेवला होता, हा अन्याय आहे. कारखान्याची खोकी मागवणारे साहेब म्हणाले की हा टोप पाहिला असता तर खोली बंद केली नसती.  दिग्दर्शक जवळ आला, चष्मा वर केला आणि माझ्या कपाळावर वाकून जाळीची कड शोधायला लागला. मीच शिकवलं आहे त्याला, टोप कितीही चांगला असला तरी कपाळावरच्या त्या तीन बोटांत कड सापडतेच. त्याला सापडेना. त्याने बट बाजूला केली, पुन्हा पाहिलं, दुसरी केली. मी त्याला म्हटलं की ओढून बघ.

त्याने ओढली, आणि मी सगळ्यांसमोर आई गं म्हणून ओरडले. झिपरे, इतक्या वर्षांत माझा टोप पहिल्यांदाच दुखला.

पुढच्या आठवड्यात येते आहे. वहिनीला सांग, जिना नसलेली खोली मलाच ठेव. फोटो काढायचा आहे, पहिल्या रांगेत दोघींनी बसून. लोभ होता, आहे, आणि ओढून बघितलास तरी निघणार नाही.

तुझी,
बिनटोपाची आत्या